गोळी गिळली, पुढे काय?

मागच्या महिन्यात विहारातल्या महिला बैठकीच्या आधी आम्ही सगळ्यांना एक काम सांगितलं होतं. घरात जेवढ्या म्हणून गोळ्या-औषधं असतील, फडताळातली, टीव्हीमागची, उशीखालची, ती सगळी पिशवीत घालून आणायची. पिशव्या सतरंजीवर ओतल्या आणि पाहिलं तर निम्म्याहून जास्त गोळ्यांना नावच नव्हतं. मेडिकलवाला पाकिटातून दोन-दोन गोळ्या कातरून देतो, नाव राहतं त्याच्याकडच्या तुकड्यावर. मग ही लाल ती पाठदुखीची, ही पांढरी तापाची, आणि पिवळी कशाची ते कुणालाच आठवत नाही.

एका मावशींकडे मात्र तीन अख्खी पाकिटं होती. एक तापाचं, एक कंबरेचं, एक सर्दीचं. आजारी पडल्या की तिन्हींतली एकेक गोळी दिवसातून तीनदा घ्यायच्या. आम्ही चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. तिन्हींत पॅरासिटामॉल!

"नाव वेगळं, रंग वेगळा, मग औषध एकच कसं गं?" मावशी म्हणाल्या.

क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल ही कंपन्यांनी ठेवलेली नावं. आत पॅरासिटामॉलच. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेनच्या जोडीला तेच, आणि सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही तेच. म्हणून पाकिटाच्या पुढचं मोठं नाव वाचून भागत नाही. मागचं बारीक नाव हेच औषधाचं खरं नाव.

आता गोळी गिळल्यावर काय होतं ते पाहू. ती पोटात विरघळते आणि आतड्यातून रक्तात शिरते. पण आतड्याकडून निघालेलं रक्त सरळ सगळ्या अंगात फिरत नाही, ते आधी लिव्हरमध्ये जातं. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा, तसंच हे. आत येणाऱ्या प्रत्येक गोळीची तिथे झडती होते आणि काही माल तिथेच मोडला जातो. छातीत कळ आल्यावर सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला सांगतात ते ह्याचसाठी. गिळली तर तिचा बराचसा भाग लिव्हरमध्येच मोडतो आणि उशीरही होतो. जिभेखालून ती थेट रक्तात जाते.

पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग लिव्हर निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर काढतं. दोन-तीन तासांत रक्तातलं निम्मं औषध संपतं, म्हणून दोन गोळ्यांमध्ये चार ते सहा तास जाऊ द्यायचे असतात. पण थोड्या भागाचं लिव्हरमध्ये विष बनतं. ते मारायला लिव्हरकडे ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो. औषध बेताचं असेल तर तो पुरतो. जास्त झालं की साठा संपतो आणि ते विष लिव्हरलाच खायला लागतं. रोज दारू पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये हे विष जास्त बनतं, आणि जेवणाची आबाळ असेल तर साठाही कमी असतो. रात्री पिऊन सकाळी डोकं दुखतं म्हणून उपाशीपोटी गोळ्यांवर गोळ्या घेणारे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. घरच्या बायांना हे माहीत असलेलं बरं.

मोठ्या धडधाकट माणसाला दिवसभरात सगळं मिळून चार ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाऊ नये. म्हणजे 500 च्या आठ गोळ्या किंवा 650 च्या सहा, आणि त्यात कंबरेच्या नि सर्दीच्या गोळीतलंही धरायचं. अंगाने बारीक, दारू पिणारे, लिव्हरचा आजार असलेले यांची मर्यादा याहून कमी. ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि जास्त गोळ्या गेल्या असतील, चुकून असो की रागाच्या भरात, तर माणूस बरा दिसतो म्हणून घरी थांबू नका. पहिल्या दिवशी नुसती मळमळ असते, किंवा तीही नसते. कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. ह्यावर उतारा आहे, पण पहिल्या आठ तासांत तो सर्वांत चांगला लागू पडतो. पाकीट हातात घेऊन मोठ्या सरकारी दवाखान्यात निघायचं.

बाळाच्या औषधाबद्दल एकच सांगतो. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत 100 मिलिग्रॅम असतं, पातळ औषधाच्या बाटलीत पाच मिलीत 120 किंवा 250. थेंबांचं औषध चमच्याने पाजलं तर तान्ह्या बाळाला मोठ्या माणसाची अख्खी गोळी दिल्यासारखं होतं.

आता जे सांगायला आम्हाला जड जातं ते. आम्ही सरकारी नोकरीत नर्स होतो तेव्हा टीबीच्या उपचाराला एक चोवीस वर्षांची मुलगी यायची. पदरात दोन लेकरं, आणखी नको म्हणून माला-डी घेत होती. एकही गोळी चुकवायची नाही. कॅलेंडरवर रोज खूण करायची. टीबीचा तिसरा महिना लागला आणि दिवस राहिले. सासू म्हणाली, ही गोळ्या फेकून देत असणार. नवऱ्याच्या डोक्यात तर भलतंच आलं. ती कॅलेंडर घेऊन दवाखान्यात आली आणि आमच्यासमोर धरून उभी राहिली.

तिचं काही चुकलं नव्हतं. टीबीच्या औषधात रिफाम्पिसिन असतं, ज्याने लघवी केशरी होते तेच. ते लिव्हरला जोराने कामाला लावतं. नाक्यावर दहा मजुरांच्या जागी पंचवीस उभे करावेत तसं. मग दुसऱ्या गोळ्याही भराभर मोडल्या जातात. जी माला-डी चोवीस तास पुरायला हवी, तिचा जोर आधीच ओसरतो. डॉक्टरांनी तिला विचारलं नाही, तिने लाजेपोटी सांगितलं नाही. आणि आम्ही, जे दर आठवड्याला तिच्या टीबीच्या गोळ्या मोजून द्यायचो, आम्हीही विचारलं नाही. डिप्लोमाच्या पुस्तकात ही ओळ होती. परीक्षेत लिहिलीही होती.

तेव्हा टीबीचं औषध चालू असेल आणि नंतरही चार आठवडे माला-डी, माला-एन यांवर विसंबू नका. नंतर घ्यायच्या आय-पिलचंही तेच. तांबी, निरोध किंवा तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन यांना रिफाम्पिसिनचा त्रास होत नाही, आणि ही तिन्ही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. साखरेच्या काही गोळ्याही ह्याच कारणाने कमी लागू पडतात, एचआयव्हीच्या काही औषधांची मात्रा वाढवावी लागते, फिटच्या काही गोळ्या तर रिफाम्पिसिनसारख्याच वागतात. म्हणून डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवायच्या. आणि हे वाचून टीबीचं औषध कुणी बंद करू नये. बदलायचं ते पाळणा थांबवायचं साधन.

किडनीचं थोडक्यात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ह्या दुखण्याच्या गोळ्या शरीरात दुखणं आणि सूज आणणारा एक रस बनू देत नाहीत. ॲस्पिरिन असंच काम करतं हे जॉन व्हेन यांनी 1971 साली दाखवलं. पुढे 1982 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण तोच रस पोटाचं आतलं अस्तर राखतो आणि किडनीचं रक्त चालू ठेवतो. गोळीला गुडघा आणि किडनी यांतला फरक कळत नाही. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेल्यावर त्यांच्या मांसात राहायचं, ते खाऊन गिधाडांच्या किडन्या बंद पडल्या, गिधाडं जवळजवळ संपली, तेव्हा 2006 साली सरकारने गुरांसाठी ते बंद केलं. माणसाची किडनी गिधाडापेक्षा पुष्कळ सोसते. तरी बीपी-साखर असलेल्या, उन्हात दिवसभर पाणी न पिता काम करणाऱ्या बाईने रोज दोन गोळ्या वर्षभर घेतल्या तर किडनी सोसेलच असं नाही. आणि किडनी बिघडते तेव्हा सुरुवातीला काहीच दुखत नाही.

मावशींनी आता मेडिकलवाल्याशी भांडण काढलंय. दोनच गोळ्या घेतात, पण नाव असलेल्या बाजूच्या. तो कुरकुरतो. नात सातवीत आहे, ती मागची अक्षरं वाचून दाखवते. पुढच्या बैठकीला पिशव्या पुन्हा आणा. टीबीचं कार्ड असेल तर तेही पिशवीत टाका, कुणासमोर काढायचं नसेल तर बैठक संपल्यावर थांबा.