पेशीतला उलटा रहाट

भाकरीतल्या कर्बोदकांचे आतड्यात ग्लुकोज होते, ते रक्तावाटे पेशीत पोचते आणि ऑक्सिजनच्या साहाय्याने त्याचे ज्वलन होऊन ऊर्जा मिळते, एवढे शाळेत सगळेच शिकतात. विधान खोटे नाही. पण या वाटेच्या शेवटी एक खरोखर गरगर फिरणारे यंत्र बसलेले आहे, आणि ते बहुतेकांना कधी भेटतच नाही, याची मला हळहळ वाटते. एटीपी सिंथेज हे त्याचे नाव. उंची सुमारे २० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पन्नास हजारावा भाग.

स्नायूंना आखडायला ग्लुकोज थेट चालत नाही, एटीपी लागते. हा रेणू १९२९ मध्ये दोन ठिकाणी हाती लागला: जर्मनीत कार्ल लोमान यांना, आणि अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. आपल्या शरीरात कोणत्याही क्षणी तो जेमतेम शंभरेक ग्रॅम असेल. तरीही दिवसभरात तो इतक्या वेळा मोडतो आणि पुन्हा जोडला जातो, की एकूण उलाढाल आपल्या वजनाच्या घरात जाते.

ग्लुकोजचे पहिले दोन तुकडे पेशीद्रवातच होतात आणि त्यातून निव्वळ दोन एटीपी सुटतात. लाल रक्तपेशींत तंतुकणिका नसतात, त्यामुळे त्या तेवढ्यावरच भागवतात. इतरत्र हे तुकडे तंतुकणिकेत शिरतात. तिथे क्रेब चक्रात त्यांचा कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, आणि इलेक्ट्रॉन आतल्या पटलातल्या प्रथिनांवरून हस्ते-परहस्ते ऑक्सिजनपर्यंत पोचतात. वाटेत सुटलेली ऊर्जा प्रोटॉनांना पटलापलीकडे ढकलण्यात खर्ची पडते.

मग एटीपी कुठून येते? वर्षानुवर्षे संशोधक मधला एखादा रासायनिक पदार्थ शोधत राहिले. तो सापडला नाही, कारण तो नव्हताच. पलीकडे साठलेले प्रोटॉन परत येऊ पाहतात, तीच ओढ एटीपी घडवते, असे पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडले. पुढे बरीच वर्षे त्यांना कडाडून विरोध झाला. कॉर्नवॉलमधला एक पडका वाडा दुरुस्त करून जेनिफर मॉयल यांच्यासोबत त्यांनी तिथेच प्रयोग चालू ठेवले. १९७८ चे नोबेल त्यांना मिळाले. पटलाच्या दोन बाजूंतला दाब जेमतेम ०.१५ व्होल्टचा, पण पटलाची जाडी पाचेक नॅनोमीटर. हिशेब केला तर मीटरमागे तीन कोटी व्होल्ट होतात!

या दाबाखाली परतणारे प्रोटॉन एटीपी सिंथेजमधूनच वाट काढतात. पटलात रुतलेले त्याचे कडे म्हणजे उलटा रहाट. विहिरीवरचा रहाट फिरला की गाडगी पाणी उपसतात, इथे भरलेली गाडगीच रहाट फिरवतात. सस्तन प्राण्यांत या कड्याला आठ गाडगी असतात. प्रत्येक गाडगे एक प्रोटॉन उचलते, जवळजवळ पूर्ण फेरी मारते आणि पलीकडे रिते होते. कड्याला जोडलेला वाकडा आस वरच्या स्थिर डोक्यात घुसलेला असतो, आणि त्या डोक्यात एटीपी घडवण्याच्या तीन जागा असतात.

पॉल बॉयर यांचे म्हणणे मला या विषयातले सर्वांत सुंदर वाटते. त्या जागेत एटीपी जुळायला ऊर्जा जवळपास लागतच नाही. ऊर्जा लागते ती जुळलेले एटीपी सोडवायला, इतके ते घट्ट चिकटलेले असते. आस फिरतो तसा तिन्ही जागांचा आकार पाळीपाळीने बदलतो: एक कच्चा माल धरते, दुसरी जोडते, तिसरी सोडते. एका फेरीत तीन एटीपी. जॉन वॉकर यांनी १९९४ मध्ये गाईच्या हृदयातल्या या प्रथिनाची रचना उलगडली, तेव्हा तिन्ही जागा खरोखरच वेगवेगळ्या अवस्थांत दिसल्या.

फिरताना मात्र ते कोणी पाहिले नव्हते. १९९७ मध्ये जपानमध्ये नोजी, यासुदा, योशिदा आणि किनोसिता यांनी हे डोके काचेवर उलटे चिकटवले आणि आसाच्या टोकाला चमकणारा ॲक्टिनचा धागा लावला. धागा यंत्राहून कितीतरी पट लांब. एटीपी दिल्यावर तो सूक्ष्मदर्शकाखाली एकाच दिशेने फिरू लागला. त्याच वर्षी बॉयर आणि वॉकर यांना नोबेल जाहीर झाले. २००४ मध्ये जपानमध्येच आसाला चुंबकीय मणी लावून तो विरुद्ध दिशेने फिरवला गेला. ग्लुकोज नाही, ऑक्सिजन नाही, तरी एटीपी तयार झाले.

रहाट चुकवून प्रोटॉन परत आले तर काय होते, याची किंमत माणसांनी मोजली आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल हे औषध वजन उतरवण्यासाठी घेत. ते प्रोटॉनांना पटलातून परस्पर पार करते. अन्न जळत राहते, एटीपी मात्र कमी पडते, आणि सारी ऊर्जा ताप होऊन बाहेर येते. त्यात लोक दगावले, आणि १९३८ मध्ये त्याचा वापर थांबवला गेला. नवजात बाळाच्या तपकिरी चरबीत निसर्गाने हीच पळवाट मुद्दाम ठेवली आहे. तिथले एक प्रथिन प्रोटॉनांना गरजेपुरतेच सोडते, आणि अजून कुडकुडता न येणारे बाळ त्या उष्णतेवर ऊबदार राहते.