वीसची रेघ म्हणजे वीस युनिट नव्हे

नर्सिंगच्या पहिल्या वर्षात औषधांची नावं पाठ करायची धास्ती वाटते. पण रुग्णाला इजा होते ती बहुतेकदा अवघड नावामुळे नाही, नेहमीच्या औषधाबद्दल मनात पक्क्या बसलेल्या चुकीच्या समजुतीमुळे. दीपनगरच्या वीज केंद्राची वसाहत असो की भुसावळ तालुक्यातलं एखादं खेडं, घरोघरी मधुमेहाचे रुग्ण आहेत. म्हणून सुरुवात इन्सुलिनपासून.

गैरसमज : इन्सुलिनच्या सिरिंजवर वीसच्या रेघेपर्यंत औषध ओढलं की वीस युनिट झाले.

वस्तुस्थिती : सिरिंज आणि बाटली एकाच मापाची असेल तरच. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्यांत एका मिलिलिटरला 40 युनिट असतात, काहींत 100. पेनच्या कार्ट्रिजमध्ये बहुतेकदा 100. चाळीसच्या सिरिंजला लाल टोपी असते, शंभरच्या सिरिंजला नारिंगी. अनेक देशांत 40 चं माप कधीच बंद झालं, आपल्याकडे दोन्ही चालू आहेत आणि धोका तिथेच आहे.

हिशेब करून पाहा. शंभरच्या बाटलीतून लाल टोपीच्या सिरिंजने वीसच्या रेघेपर्यंत ओढलं, तर हातात येतं अर्धा मिलिलिटर, म्हणजे 50 युनिट. हवे होते 20. अडीचपट डोस. रुग्णाला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, तो बरळतो. रात्रपाळीत मात्र वाटतं की गाढ झोपलाय. उलट, चाळीसच्या बाटलीला नारिंगी टोपीची सिरिंज लावली तर त्याच रेघेवर जेमतेम 8 युनिट जातात आणि साखर चढतच राहते. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून साध्या सिरिंजने औषध ओढणं हे तर या घोळाला दार उघडून देणं आहे. ते करू नका.

केसपेपरवर 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहा. आकड्यापुढचं इंग्रजी 'यू' घाईत शून्य वाचलं जातं, आणि दहाचे शंभर होतात.

गैरसमज : इन्सुलिन खराब झालं की दिसतं.

वस्तुस्थिती : पुष्कळदा दिसत नाही. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची. वापरातली बाटली 25–30 अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते. खानदेशात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, पत्र्याच्या घरात तर विचारू नका. औषधाचा जोर कमी होतो, साखर वाढते आणि दोष रुग्णाच्या खाण्याला दिला जातो. फ्रीज नसेल तर बाटली डब्यात घालून ओल्या माठात ठेवायला सांगा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात माठ चांगला थंडावा देतो. बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीच नको. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं.

गैरसमज : सलाईन लावलं की ताकद येते. गोळीपेक्षा सुई भारी.

वस्तुस्थिती : पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे 85 कॅलरी. जळगावचं एक मध्यम केळं त्याहून थोडं जास्तच देतं. साध्या सलाईनमध्ये तर लिटरला 9 ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. उलट्या थांबत नसतील, रुग्ण शुद्धीवर नसेल, रक्तदाब पडला असेल, तेव्हा तीच बाटली जीव वाचवते. पण तोंडाने पिऊ शकणाऱ्याला ओआरएस पुरतं. सुई हा औषध आत जाण्याचा मार्ग आहे, औषधाची प्रत नव्हे. इन्सुलिन टोचावं लागतं, कारण ते प्रथिन आहे आणि पोटात पचून जातं.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे तुम्हाला पाठ आहेच. इन्सुलिन ओढण्यापूर्वी त्यात एक भर घाला : बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग मोठ्याने वाचा, आणि शेजारच्या सिस्टरला दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी तपासू द्या.