वाळवंटांतील हिवाळा आणि घरांतील भट्टी

वाळवंट म्हटलें कीं तापलेली वाळू, रखरखीत ऊन आणि पाण्यावांचून तळमळणारा वाटसरू हींच चित्रें आपल्या मनांत उभीं राहतात. अशा प्रदेशांत राहणारा गृहस्थ बरेच पैसे खर्चून घर ऊबदार ठेवण्याचें यंत्र विकत घेतो, असें कोणीं सांगितल्यास तें आपणांस थट्टेचें वाटेल. परंतु गोष्ट अगदीं खरी आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नैर्ऋत्येकडे न्यू मेक्सिको, ॲरिझोना, नेव्हाडा अशीं कोरडीं संस्थानें आहेत; तेथील असंख्य घरांतून असें यंत्र आढळतें. त्यास तिकडे 'फर्नेस' म्हणतात. आपण त्यास भट्टी म्हणूं. ही भट्टी कशी चालते, ती निवडतांना काय पाहावें आणि बसवितांना हयगय झाल्यास ती जिवावर कशी बेतते, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे. यंत्र परदेशचें असलें तरी त्यामागील शास्त्र सर्वत्र एकच आहे. आणि त्यांतील एक भाग तर आपल्या न्हाणीघरापर्यंत येऊन पोंचतो, हें वाचकांस शेवटीं दिसून येईल.

प्रथम वाळवंटांत थंडी कोठून येते तें पाहूं. दिवसां तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता आकाशाकडे परत सोडीत असते. कोंकणांत हवेंतील वाफ आणि ढग एखाद्या गोधडीप्रमाणें ती उष्णता अडवून धरतात. वाळवंटांत ही गोधडीच नसते. त्यामुळें सूर्य मावळला कीं जमीन भराभर निवते, आणि हिवाळ्यांत तर पहांटेपर्यंत पाणी गोठूं लागतें. न्यू मेक्सिकोंतील अल्बुकर्की या शहराचें उदाहरण घेऊं. येथें वर्षाकांठीं पाऊस नऊ इंचांच्या आसपास पडतो. जुलैंत दुपारचें उष्णतामान सरासरीनें ३४ अंश सेल्सिअसच्या घरांत जातें, तर जानेवारींत रात्रीचें उष्णतामान गोठणबिंदूच्या दोनतीन अंश खालीं उतरतें. जानेवारी १९७१ मध्यें तर तें उणें २७ अंशांपर्यंत गेलें होतें. शिवाय हें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें १,६०० मीटर उंचीवर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवर, वसलेलें आहे. ही उंची वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें फार काम पडणार आहे.

तेथील मूळच्या प्वेब्लो लोकांनीं ही अडचण फार पूर्वींच ओळखली होती. त्यांचीं मातीचीं, जाड भिंतींचीं, सपाट छपरांचीं घरें पाहून आपल्या देशावरील धाब्याच्या घरांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. जाड भिंत दिवसां ऊन पिते आणि रात्रीं तेंच हळूहळू आंत सोडते. आजचीं बहुतेक घरें मात्र लांकडी सांगाड्यावर पातळ भिंती उभारून बांधलेलीं असतात. भिंतींत उष्णतारोधक कापसासारखा माल भरलेला असला, तरी ऊब सांठवून ठेवण्याचा गुण त्यांत नसतो. म्हणून घरांत उष्णता उत्पन्न करणें भाग पडतें.

पूर्वीं हें काम चुलाणीं व कोळशाच्या भट्ट्या करीत. पुढें भूमींतून निघणारा नैसर्गिक वायु नळांनीं घरोघर आला. या वायूवर चालणारी, हवा तापवून निरनिराळ्या खोल्यांत पोंचविणारी एक योजना न्यू जर्सी संस्थानांतील ॲलिस पार्कर या कृष्णवर्णीय स्त्रीनें आंखिली, आणि १९१९ सालीं तिला तिचें पेटंट मिळालें. त्या काळीं स्त्रियांस, आणि त्यांतून कृष्णवर्णीय स्त्रियांस, शिक्षणाच्या वाटा किती अरुंद होत्या हें लक्षांत घेतां तिच्या बुद्धीचें कौतुक वाटतें.

आजची भट्टी म्हणजे साधारण कपाटाएवढी पत्र्याची पेटी असते. भिंतीवरील थर्मोस्टॅट नांवाचें उपकरण खोलींतील उष्णतामान पाहतें व तें ठरलेल्या अंकाखालीं गेलें कीं भट्टीस इशारा देतें. मग एक लहान पंखा आंतील शिळी हवा धुराड्यांतून बाहेर काढतो, ठिणगी पडते किंवा एक तार तापून लाल होते, आणि वायु पेटतो. ज्योत पेटली नाहीं तर एक पहारेकरी उपकरण क्षणार्धांत वायु बंद करतें. ज्वाळा पत्र्याच्या एका बंद कोठ्यांत जातात. दुसरा मोठा पंखा घरांतील हवा या कोठ्याच्या बाहेरच्या अंगावरून फिरवितो आणि तापलेली हवा पत्र्याच्या रुंद नळांतून खोल्याखोल्यांत नेतो. येथें मर्म हें कीं, विस्तवाची हवा आणि श्वासाची हवा यांची कधींहि गांठ पडत नाहीं. दोहोंमध्यें त्या कोठ्याचा पातळ पत्रा असतो. जोंवर पत्रा शाबूत, तोंवर घर सुरक्षित.

आतां निवड. दुकानांत गेलेल्या गृहस्थाच्या मनांत पहिला विचार येतो तो असा कीं, जितकी मोठी भट्टी तितकें बरें. किंवा जुनी जेवढी होती तेवढीच नवी आणावी. हे दोन्ही विचार चुकीचे आहेत. जुनी भट्टी बसविली त्या वेळीं घराच्या खिडक्या कदाचित् एकेरी कांचेच्या असतील, माळ्यावर उष्णतारोधक थर नसेल. आज तें सर्व बदललेलें असूं शकतें. म्हणून आधीं घराचें माप घ्यावें. भिंती, खिडक्या, छप्पर व फटी यांतून किती उष्णता बाहेर जाते, याचा हिशेब करण्याची शिस्तशीर पद्धत आहे. हा हिशेब शंभर वर्षांत एकदां पडणाऱ्या थंडीसाठीं करीत नाहींत. हिवाळ्यांतील अगदीं थोडे तास सोडले तर ज्याच्या खालीं पारा उतरत नाहीं, त्या उष्णतामानासाठीं करतात. वाजवीपेक्षां मोठी भट्टी खोली झटकन तापविते व बंद पडते. थोड्या वेळानें पुन्हां पेटते. त्यामुळें एक खोली भाजते तर दुसरी गारठते, आणि वारंवार तापून निवल्यानें यंत्राचा पत्रा लवकर थकतो.

यानंतर मघां सांगितलेली उंची आड येते. अल्बुकर्कीच्या उंचीवर हवा विरळ असते; समुद्रकांठच्या मानानें तेवढ्याच हवेंत प्राणवायु सुमारें सहाव्या हिश्शानें कमी असतो. जळण तेवढेंच आणि प्राणवायु कमी, अशी स्थिति झाली तर ज्वलन अपुरें होतें व विषारी वायु निर्माण होतो. म्हणून २,००० फुटांहून अधिक उंचीवर, दर हजार फुटांमागें शेकडा ४ या प्रमाणांत जळण कमी करावें असा साधारण नियम आहे. मात्र यंत्र करणाराच्या पुस्तकांत जें दिलें असेल तें शेवटचें प्रमाण मानावें. त्यासाठीं वायूच्या तोट्या बदलतात व वायूचा दाब मोजून लावतात.

आमच्या विद्यार्थ्यांसाठीं येथें एक उदाहरण सोडवून दाखवितों. एक पौंड पाण्याचें उष्णतामान एक अंश फॅरनहीटनें वाढविण्यास जी उष्णता लागते तिला एक बी. टी. यू. म्हणतात. समजा, ५,००० फूट उंचीवरील एका घरास कडक थंडींत ताशीं ४०,००० बी. टी. यू. लागतात. बाजारांत ताशीं ६०,००० बी. टी. यू.चें जळण जाळणारी भट्टी मिळते. साध्या जातीच्या भट्टींत शंभरांतले ८० भाग घरास मिळतात व २० धुराड्यांतून जातात. म्हणजे घरास ४८,००० मिळाले. हें पुरेसें दिसतें. परंतु त्या उंचीवर जळणच शेकडा २० नें कमी करावें लागतें. ६०,००० चे राहिले ४८,०००. त्यांचे शेकडा ८० म्हणजे ३८,४००. समुद्रकांठीं पुरून उरणारी भट्टी पठारावर अपुरी पडली! तीच शेकडा ९५ भाग देणारी असती तर ४५,६०० मिळाले असते व काम भागलें असतें.

शेकडा ९५ भाग कसे मिळतात, असें कोणी विचारील. वायु जळतांना पाण्याची वाफ उत्पन्न होते. साध्या भट्टींत ती वाफ धुराबरोबर निघून जाते. उंची भट्टींत धूर इतका निववितात कीं वाफेचें पाणी होतें आणि तिच्यांतील अप्रकट उष्णता घरास मिळते. धूर इतका थंड होतो कीं तो प्लास्टिकच्या नळीनें बाहेर नेतां येतो. या गुणाबरोबर एक जबाबदारीहि येते. तें पाणी किंचित् आम्लधर्मी असतें व त्यास वाट काढून द्यावी लागते. भट्टी थंड माळ्यावर असेल तर गोठणाऱ्या रात्रीं ती वाट बंद होऊन, नेमकी जेव्हां गरज, तेव्हांच भट्टी थांबते.

मग सर्वांनीं उंची भट्टीच घ्यावी काय? तसेंहि नाहीं. ॲरिझोनांतील फीनिक्स शहर सखल व पुष्कळच उष्ण आहे. तेथें थंडी थोडे दिवस पडते, आणि भट्टीवर अधिक घातलेला पैसा जळणाच्या बचतींतून भरून निघण्यास फार वर्षें लागतात. अशा ठिकाणीं पुष्कळ लोक वायूची भट्टीच घेत नाहींत. उन्हाळ्यांत घरांतील उष्णता बाहेर टाकणारें विजेचें यंत्रच हिवाळ्यांत उलट चालवून बाहेरची उष्णता आंत आणतात. त्यास 'हीट पंप' म्हणतात.

वाळवंटांतील भट्टी निवडतांना उन्हाळ्याचाहि विचार करावा लागतो, हें ऐकून नवल वाटेल. भट्टीचा मोठा पंखा आणि हवेचे नळ हेच उन्हाळ्यांत थंड हवा पोंचवितात. म्हणून पंखा व नळ दोन्ही ऋतूंच्या मापानें निवडावे लागतात. कांहीं घरांत आपल्या वाळ्याच्या ताट्यांच्या तत्त्वावर चालणारा पाण्याचा कूलर त्याच नळांस जोडलेला असतो. तेव्हां दोहोंमध्यें झडप नसेल तर कूलरची ओली हवा भट्टींत शिरून तो मोलाचा पत्रा गंजवूं शकते. धूळ तर वाळवंटाची सोबतीणच. हवेची गाळणी वेळच्या वेळीं बदलली नाहीं तर पंख्यास हवा मिळत नाहीं व कोठा वाजवीपेक्षां तापतो. नळांचे सांधे उघडे असतील तर तापविलेली हवा खोलींत न जातां माळ्यावर जाते. यास्तव यंत्राच्या किंमतीपेक्षां बसविणाराच्या कसबाकडे अधिक पाहावें.

बसवितांना वायूच्या नळाच्या प्रत्येक सांध्यावर साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात कीं काय तें पाहतात. धुराड्याची ओढ तपासतात. भट्टी चालू करून आंत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या हवेच्या उष्णतामानांतील अंतर मोजतात. परवाना व सरकारी तपासणी यांस कोणी अडवणूक समजूं नये. त्यांच्यामागें दुःखद अनुभव आहे. १८ मार्च १९३७ रोजीं टेक्सस संस्थानांतील न्यू लंडन येथील एका शाळेंत, इमारत तापविण्यासाठीं आणलेला वायु तळाखालच्या पोकळींत गळून सांठला. त्यास वास नव्हता, म्हणून कोणास कळलें नाहीं. विजेच्या उपकरणाची ठिणगी पडली व शाळा उडाली; सुमारें तीनशें मुलें व शिक्षक मृत्युमुखीं पडले. त्यानंतर अशा वायूंत मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळण्याचे कायदे झाले. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील वायूस जो उग्र वास येतो तोहि असाच मुद्दाम दिलेला असतो.

परंतु अपुऱ्या ज्वलनानें होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला असा कोणताच वास नाहीं, रंग नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां या विषास दोनशें पटींहून अधिक जोरानें धरून ठेवतें. आधीं डोकें दुखतें, मळमळतें, झोंप येते. आणि झोंपलेला मनुष्य पुष्कळदां उठत नाहीं. फुटलेला कोठा, बुजलेलें धुराडें, उंचीस न जुळविलेली ज्योत, यांपैकीं एक दोष पुरे होतो. म्हणून निजण्याच्या खोल्यांजवळ हा वायु ओळखून घंटा वाजविणारें उपकरण लावतात. भट्टीच्या मानानें त्याची किंमत अगदींच क्षुल्लक असते.

आपल्याकडे भट्टी नाहीं, म्हणून हा धोका आपला नाहीं असें मात्र समजूं नये. थंडींत दारें लावून कोळशाची शेगडी जवळ घेऊन निजणें, किंवा झरोका नसलेल्या न्हाणीघरांत गॅसचा गीझर चालवून स्नान करणें, हीं त्याच विषास दिलेलीं आमंत्रणें होत. अशा दुर्घटनांच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांत वेळोवेळीं येतात. पालकांस आमची विनंति अशी कीं, गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेंत बसवून घ्यावा, त्याचा धूर बाहेर जाण्याची वाट ठेवावी, आणि शेगडी विझवून मगच निजावें. विद्यार्थ्यांनींहि आज घरीं जाऊन एवढें पाहावें कीं, आपल्या घरांत विस्तव कोठें कोठें पेटतो आणि त्याची हवा कोठून येते व कोठें जाते. ज्या घरांत या प्रश्नाचें उत्तर सर्वांस ठाऊक आहे, तें घर थंडींतहि सुखरूप राहील.