चौदा ते अठरा : वाचनालयातील रिकामा खण

गंगापूर असो, वैजापूर असो की पैठण. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी आज वाचनालयात गर्दी दिसते ती अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली आपापली पुस्तके घेऊन येतात, खुर्ची आणि पंखा वाचनालयाचा वापरतात आणि अंधार पडल्यावर निघून जातात. त्यांच्यापासून चार हातांवर काचेच्या कपाटांत कथा-कादंबऱ्या उभ्या असतात. वाचक नाहीत म्हणून पुस्तके पडून आहेत असे म्हणावे, तर तरुण समोरच बसलेले. पुस्तके नाहीत म्हणून तरुण वाचत नाहीत असे म्हणावे, तर कपाटे भरलेली. मागणी आणि पुरवठा एकाच छपराखाली आहेत, आणि बाजार मात्र भरत नाही.

ह्याचे मूळ शोधू गेल्यास ते अभ्यासिकेच्या थोडे आधी, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास सापडते. त्या वयापर्यंत मराठी मुलाची सोय बऱ्यापैकी आहे. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक १४ नोव्हेंबर १९७१ रोजी सुरू झाले, ते आजही निघते. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आहे, ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आहे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. हा फेणे पुण्यात सायकल हाणीत असला तरी मूळचा फुरसुंगीचा. खेड्यातून शहरात शिकावयास आलेला मुलगा. गंगापूरच्या मुलाला तो परका वाटण्याचे कारण नाही. परंतु नववीत गेलेल्या मुलाने फेणेची सगळी पुस्तके संपविली की पुढे काय? बालविभागाचे कपाट संपते आणि ‘कादंबरी’ अशी चिठ्ठी लावलेले कपाट सुरू होते. त्यात ‘मृत्युंजय’, ‘श्रीमान योगी’, ‘कोसला’. ह्या पुस्तकांच्या थोरवीविषयी वाद नाही. काही मुले ही उडी लीलया मारतात. तीच पुढे मराठीचे प्राध्यापक होतात आणि सर्वांनाच ती मारता येते असे समजतात. उरलेली मुले पहिल्या चाळीस पानांत थकतात, पुस्तक परत करतात आणि पुन्हा येतात ती थेट अभ्यासिकेत, हातात सामान्य ज्ञानाचे पुस्तक घेऊन.

अमेरिकेत ह्या वयाच्या वाचकासाठी ग्रंथपालांनीच वेगळा विभाग रूढ केला. तेथे १९६७ साली एस. ई. हिंटन ह्या मुलीची ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचे लेखन तिने शाळेत असतानाच केले होते, कारण आपल्या वयाची मुले जशी जगतात तसे पुस्तक तिला कोठे सापडत नव्हते. मराठीत असे पुस्तक नाही असे मात्र नव्हे. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ साली आली. नववीच्या वर्गातले ते वर्ष आणीबाणीच्या काळातले आहे. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’मधला लंपन त्याहूनही जुन्या काळातला. दोन्ही पुस्तके अव्वल दर्जाची; पण दोन्ही प्रौढ लेखकांनी मागे वळून पाहत लिहिलेली, आणि वाचनालयांत ती ठेवली जातात तीही प्रौढांच्याच कपाटात. आपल्याकडे कुमारवय हा बहुधा आठवणींचा विषय असतो. वसतिगृहात राहणारा, थोरला भाऊ वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जातो आहे आणि सगळी करमणूक मोबाईलमध्ये आहे, असा आजचा सोळा वर्षांचा मुलगा मराठी कादंबरीत अभावानेच भेटतो.

मग इतकी वर्षे ह्या वयाच्या मुलांना वाचनाची गोडी लावली कोणी? प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर समीक्षेने ज्यांना दारातही उभे केले नाही अशा लेखकांनी. बाबूराव अर्णाळकरांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आणि काळा पहाड पाठ्यपुस्तकात लपवून वाचणारी एक पिढीच्या पिढी होऊन गेली, आणि त्यांतील पुष्कळजण पुढे गंभीर वाचक झाले. त्यानंतर नारायण धारपांच्या भयकथा, सुहास शिरवळकरांच्या कादंबऱ्या, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा. जयंत नारळीकरांनी तर जगन्मान्य शास्त्रज्ञ असताना, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘नारायण विनायक जगताप’ असे नाव घेऊन कथा पाठविली आणि पहिले पारितोषिक मिळविले. ज्या प्रकारच्या लेखनासाठी एवढा मोठा माणूस टोपण नावाने स्पर्धेत उतरतो, त्याला दुय्यम ठरविण्याचा अधिकार वाचनालयाच्या पुस्तक निवड समितीला कोठून मिळतो, हे कळत नाही.

मराठवाड्यात ह्या सोवळेपणाला एक इतिहास आहे, हेही मान्य केले पाहिजे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत गंगापूर निजामाच्या राज्यात होते. वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूच. अशा परिस्थितीत वाचनालय हे मराठी टिकविण्याचे ठिकाण होते. भाषा जगविण्यासाठी काढलेल्या संस्थेला डाकूंच्या आणि भुतांच्या गोष्टी ठेवणे शोभेना, हे समजण्यासारखे आहे. तथापि आज भाषेपुढचे संकट वेगळे आहे. आज मराठी पुस्तकावर बंदी नाही. ते उघडण्याची सवयच लागत नाही, आणि सवय लावण्याचे काम हलक्याफुलक्या पुस्तकाइतके दुसरे कोणतेही पुस्तक करीत नाही.

ह्याचा अर्थ वाटेल ते द्यावे असा नव्हे. शिफारस करावयाची तर ती वाचकाच्या आवडीचा धागा धरून करावी लागते. ‘तुंबाड’ हा २०१८ सालचा चित्रपट पाहिलेल्या मुलाला त्याची प्रेरणा धारपांच्या कथेत आहे हे बहुधा ठाऊक नसते; ते त्याला सांगावे आणि धारपांचे पुस्तक हातात ठेवावे. ते आवडले की मतकरी द्यावेत, म्हणजे भीती भुताची नसून माणसाचीही असू शकते हे त्याचे त्यालाच उमगेल. ‘दुनियादारी’चा चित्रपट २०१३ साली आला, तेव्हा मूळ कादंबरीला पुन्हा तरुण वाचक लाभले. त्या कादंबरीतील महाविद्यालय आवडलेल्या मुलाला वर्षभराने ‘कोसला’ पेलवेल, आणि ग्रामीण भागातील मुलाला रा. रं. बोराडे यांच्या १९७१ सालच्या ‘पाचोळा’त आपल्याच मुलखाची बोली भेटेल. बोराडे शेजारच्या वैजापूरला प्राचार्य होते, एवढे सांगितले तरी पुस्तकाची परकेपणाची धूळ झटकली जाते. मात्र हे सांगावयास ग्रंथपालाने स्वतः ही पुस्तके वाचलेली हवीत. त्याला मिळणाऱ्या तुटपुंज्या वेतनात ही अपेक्षा अवाजवी आहे काय, हा प्रश्न रास्त असला तरी त्याचे उत्तर ग्रंथपालाने द्यावयाचे नाही.

मुलींची अडचण आणखी निराळी. आसपासच्या खेड्यांतून गंगापूरला शिकावयास येणारी मुलगी सकाळच्या एस.टी.ने येते आणि दुपारी किंवा सायंकाळी मिळेल त्या गाडीने परतते. वाचनालये बहुधा सकाळ-संध्याकाळ उघडी आणि दुपारी बंद. म्हणजे जो एक तास तिच्या हाती असतो, नेमका त्याच तासाला दाराला कुलूप. तिच्या दृष्टीने पुस्तकाची किंमत वर्गणी नव्हे, तर चुकलेली गाडी होय. योगिनी जोगळेकर किंवा सुमती क्षेत्रमाडे यांच्या कादंबऱ्या तिच्या घरी पोचतातच, तर त्या आई किंवा वहिनी सभासद असेल तेव्हा. आणि मराठीतील शाळकरी वयाच्या गाजलेल्या कथा बहुतांशी मुलाच्या डोळ्यांनी सांगितलेल्या असल्याने, तिच्या वयाची नायिका तिला तेथेही क्वचितच गवसते.

महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, वर्गवारीनुसार अनुदान आहे, १९७२ साली स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचे साहाय्य आहे, शासनमान्य ग्रंथांची यादी आहे. ह्या साऱ्या व्यवस्थेत पुस्तकांची संख्या मोजली जाते, सभासद मोजले जातात. चौदा ते अठरा वर्षांच्या सभासदाने वर्षभरात काय नेले, हे वेगळे पाहण्याची रीत नाही. वास्तविक त्याची माहिती प्रत्येक वाचनालयात हाताशी असते. देवघेवीच्या नोंदवहीत पुस्तक नेल्याची आणि परत केल्याची तारीख शेजारी शेजारी लिहिलेली असते. कोणते पुस्तक दोन दिवसांत परत आले आणि लगेच दुसऱ्या मुलाच्या नावावर चढले, कोणते महिनाभर घरी राहून कोरेच परतले, हे त्यात कोणालाही वाचता येते. आर्थिक वर्ष संपत आले की अनुदान खर्ची घालण्यासाठी समितीची बैठक बसते, प्रकाशकांच्या याद्या आणि सवलतीचे दर टेबलावर मांडले जातात, आणि नोंदवही बाहेर देवघेवीच्या खिडकीपाशी मिटलेली असते.