भुयारात शिरलेला बातमीदार

गुहेवरचा लेख हाती आला की मी आधी पाहतो, लिहिणाऱ्याचे कोपर कुठे टेकलेत. अंधार, गूढता, निसर्गाची किमया हे सगळं बाहेर बसूनही लिहिता येतं. हा निकष मला विल्यम मिलरमुळे सापडला.

साल १९२५. अमेरिकेतल्या केंटकीत शेतकरी आपापल्या चुनखडीच्या गुहा पर्यटकांना दाखवून चार पैसे मिळवत आणि गिऱ्हाइकासाठी एकमेकांशी भांडत. फ्लॉइड कॉलिन्सची क्रिस्टल केव्ह देखणी, पण आडबाजूला. म्हणून हमरस्त्याजवळची नवी गुहा शोधायला तो एकटाच सँड केव्हमध्ये उतरला. ३० जानेवारीला परतताना दगड निखळून त्याच्या पायावर पडला. दगड जेमतेम १२ किलोंचा, पण जागा इतकी अरुंद की हात तिथवर पोचेना.

वार्ताहरांची रीघ लागली. बहुतेकांनी गुहेच्या तोंडाशी उभं राहून ऐकीव माहितीवर रकाने भरले. लुइव्हिलच्या ‘कुरियर-जर्नल’चा मिलर अवघा २१ वर्षांचा, अंगानं अगदी किरकोळ. त्यानं चौकशी केली तेव्हा कॉलिन्सच्या भावानं बीळच दाखवलं: माहिती हवी तर उतर. मिलर उतरला. डोकं खाली, चिखलातून घसरत, तो थेट कॉलिन्सच्या अंगावरच आदळला.

पुढे तो पुन्हापुन्हा आत गेला, कॉलिन्सला भरवलं, त्याच्याशी बोलला. ऊब मिळावी म्हणून जवळ विजेचा दिवा ठेवला होता. दगड हलवायला मिलरनं लाकडाचे ठोकळे रचून जॅक लावून पाहिला. ठोकळे निसटत राहिले. बातमीदारानं तटस्थ राहावं, असं आपण शिकतो. हाताच्या अंतरावर माणूस अडकलेला असताना मिलरनं ते बाजूला ठेवलं, आणि ते योग्यच केलं. म्हणूनच त्याच्या बातमीत चेहऱ्यावर ठिबकणारं पाणी आलं, स्वतःची भीतीही आली.

४ फेब्रुवारीला वाट ढासळली. बाहेर हजारोंची गर्दी, खाण्यापिण्याच्या गाड्या. शेजारून विहिरीसारखा खड्डा खणून १६ तारखेला माणसं पोचली तेव्हा कॉलिन्स गेलेला होता. या बातम्यांसाठी १९२६ साली मिलरला पुलित्झर मिळालं.

१९७९ साली याच घटनेवर रॉबर्ट मरे आणि रॉजर ब्रकर यांचं ‘ट्रॅप्ड!’ हे पुस्तक आलं. मरे इतिहासाचे प्राध्यापक, ब्रकर मुरलेले गुहाशोधक. जुनी कात्रणं आणि साक्षी हाताशी असूनही या पुस्तकासाठी ब्रकर साथीदारांना घेऊन सँड केव्हमध्ये शिरले.