लाकडाची चौकट

आपल्या घरात लाकडाच्या किती वस्तू असतात, हे तुम्ही कधी मोजले आहे का? दार, खिडकी, खाट, पोळपाट, लाटणे. शेतावर गेलो तर नांगर आणि बंडी. या वस्तू सुतार बनवतो. भंडारा जिल्ह्यात त्याला वाढई असेही म्हणतात. त्याला लाकडाची पारख असते. दार-खिडकीसाठी तो साग निवडतो. सागात नैसर्गिक तेल असते, म्हणून त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि पावसाळ्यात तो फारसा फुगत नाही. बंडीच्या चाकाला मात्र मार सोसणारी बाभूळ चांगली.

सुताराच्या पेटीत डोकावलात, तर ओळखीचे शब्द भेटतील. उर्दूतला रंदा म्हणजे मराठीतला रंधा, गुनिया म्हणजे गुण्या, हथौडी म्हणजे हातोडी. पण काही ठिकाणी जपावे लागते. लाकूड कापायच्या आरीला मराठीत करवत म्हणतात. मराठीतली आरी म्हणजे चामडे टोचायचे हत्यार! तसेच उर्दूत चौखट असते ती दाराची. मराठीत चौकट दाराची, खिडकीची आणि चित्राचीही असते.

अशीच एक चित्राची चौकट आपण घरी बनवू. तुमच्या खुशखतीचा कागद किंवा जिल्ह्याचा नकाशा २० सेंमी रुंद आणि ३० सेंमी लांब आहे, असे समजा.

प्रथम लाकूड. मोडकी खाट किंवा जुने खोके यांच्या पट्ट्या उत्तम. जंगलातले झाड तोडू नये. तो गुन्हा आहे. शिवाय ओले लाकूड कामाचे नसते. ते वाळताना रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे ओल्या लाकडाच्या चौकटीचे कोपरे उन्हाळ्यात उघडे पडतात.

१ सेंमी जाडीच्या दोन प्रकारच्या पट्ट्या घ्या. पुढच्या थरासाठी ३ सेंमी रुंदीची पट्टी घेऊन तिचे ३५ सेंमीचे दोन आणि १९ सेंमीचे दोन तुकडे कापा. मागच्या थरासाठी २.४ सेंमी रुंदीची पट्टी घेऊन तिचे २५ सेंमीचे दोन आणि ३०.२ सेंमीचे दोन तुकडे कापा. कापण्याआधी गुण्या लावून पेन्सिलीने रेघ ओढा. करवत चालवताना मोठे माणूस जवळ असू द्या.

आता सपाट जागेवर पुढचा थर मांडा. ३५ सेंमीच्या उभ्या पट्ट्यांच्या मध्ये १९ सेंमीच्या आडव्या पट्ट्या येतील. त्यावर फेविकॉल लावून मागचा थर ठेवा. येथे उलट करायचे: २५ सेंमीच्या आडव्या पट्ट्या पूर्ण आणि त्यांच्या मध्ये ३०.२ सेंमीच्या उभ्या पट्ट्या. बाहेरच्या कडा जुळवा. खालचा सांधा वरच्या पट्टीखाली झाकला जातो, म्हणून कोपरा पक्का होतो. मागची पट्टी अरुंद असल्याने आतल्या बाजूला एक पायरी तयार होते. काच आणि कागद या पायरीवर बसतात.

गोंद ओला असतानाच एक परीक्षा घ्या. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ४३ सेंमी भरले, तर चारही कोपरे काटकोनात आहेत. एक कर्ण मोठा आला, तर त्याच्या दोन्ही टोकांचे कोपरे हलकेच आत दाबा. गोंद वाळल्यावर हे करता येत नाही. मग चौकटीवर वजन ठेवून ती रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी प्रत्येक कोपऱ्यावर मागून दीड सेंमीचा एक बारीक खिळा ठोका आणि पॉलिश पेपरने कडा घासा. काच दुकानातूनच मापाने कापून आणा. शेवटी काच, कागद व पुठ्ठा बसवून पुठ्ठ्यामागे छोटे खिळे आडवे ठोका.

हे ४३ कुठून आले? २५ चा वर्ग ६२५, ३५ चा वर्ग १२२५, बेरीज १८५०. तिचे वर्गमूळ साधारण ४३. वर्गात फळ्यावर शिकलेला पायथागोरसचा सिद्धांत येथे हाताला लागतो.

नेमकी हीच गोष्ट शिक्षणात यावी, असा विचार आपल्याच विदर्भात झाला. १९३७ साली वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते. हेच पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. समितीने शाळेत शिकवण्यासाठी सुचवलेल्या उद्योगांत सूतकताई, शेती यांच्याबरोबर सुतारकामही होते. प्रत्येक मुलाने सुतार व्हावे, असा त्यामागे हेतू नव्हता. हाताने काम करता करता गणित, विज्ञान आणि भाषा शिकावी, तसेच श्रमाला कमी लेखू नये, हा हेतू होता.

एक मिलिमीटर चुकला, तर लाकूड ते लपवत नाही. फट सर्वांना दिसते. म्हणून सुताराचे काम पाहताना त्याच्या हातांबरोबर त्याच्या हिशेबाचीही कदर करावी.

शब्दार्थ
पारख – परख, पहचान
वाळवी – दीमक
आकसणे – सिकुडणे
कर्ण – वतर
श्रम – मेहनत

स्वाध्याय
१. चौकटीसाठी वाळलेले लाकूड का घ्यावे?
२. चौकटीचे कोपरे काटकोनात आहेत, हे कसे ओळखाल?
३. एकाच फळीतून कापलेली रेहल खिळ्यावाचून कशी उघडते व मिटते? नीट पाहून पाच वाक्ये लिहा.