पोलिसी बंदुकीची वंशावळ

जुन्या नाण्यांचे संग्राहक असतात, तसे जुन्या बंदुकांचेहि असतात. हिंदुस्थानांतील पोलिसांनीं वापरून टाकलेल्या ‘४१० मस्केट’ अमेरिका व कॅनडा येथील संग्रहांत पुष्कळ आहेत. जेथें संग्रह तेथें पैसा, आणि जेथें पैसा तेथें बनावट. तेव्हां खरें कसें ओळखावें, हें पाहूं.

प्रथम या बंदुकीचा जन्म. १८५७ च्या उठावानंतर हिंदी माणसाच्या हातीं दूरवर अचूक मारा करणारें शस्त्र देण्यास इंग्रज सरकार कचरूं लागलें. पोलिसांबाबत हें धोरण विसाव्या शतकांतहि टिकलें. कलकत्त्याजवळील इशापूरच्या कारखान्यांत ३०३ ली-एनफील्ड रायफलींस चऱ्या नसलेली गुळगुळीत नळी देत. मॅगझिनमध्यें लांकडी ठोकळा बसवीत, म्हणजे एका वेळीं एकच काडतूस भरतां येई. काडतूसहि निराळें: ३०३ चेंच, पण मान न आवळलेलें.

आतां परीक्षा. दस्त्याच्या मानेवरील पोलादी कड्यावर मुकुट, राजाचीं आद्याक्षरें व साल असतें. इंग्लंडांत घडलेल्या रायफलीवर ‘जी. आर.’ आढळेल, इशापूरच्या जुन्या रायफलीवर ‘जी. आर. आय.’. शेवटचें अक्षर सम्राटपदाचें होय. अशोकस्तंभाची सिंहमुद्रा राष्ट्रचिन्ह झाली ती १९५० सालीं. ती व १९४१ हें साल एकाच ठशांत दिसल्यास शंका घ्यावी. मात्र तें साल मूळ रायफलीच्या जन्माचें असतें, ती पोलिसी झाली त्या दिवसाचें नव्हे, हें विसरूं नये.

नंतर क्रमांक पाहावे. बोल्ट, नळी व सांगाडा यांवरील क्रमांक न जुळल्यास नवशिका लगेच ‘खोटी’ म्हणतो. तें बरोबर नाहीं. दुरुस्तींत भाग बदलत. जुना आंकडा रेघ मारून खोडीत व नवा ठोकीत. ती खोडलेली रेघ दोष नसून प्रामाणिक साक्ष आहे. उलट सर्व आंकडे जुळावे, पण लांकूड व लोखंड निरनिराळ्या वयाचें दिसावें, हें अधिक संशयास्पद.

ठसा बोटानें चाचपावा. जुन्या ठशाच्या कडा वापरानें झिजलेल्या असतात व खळग्यांतहि भोवतालचाच काळसर रंग असतो. नवा ठसा तो रंग फोडून उठतो. कडा बोटाला टोंचतात. लांकडावरील पोलिसठाण्याच्या अक्षरांनाहि हाच नियम लागूं पडतो.

अमेरिकेंत १९६८ च्या कायद्यानें आयात करणाऱ्यास आपलें नांव शस्त्रावर कोरावें लागतें. संग्राहकांस तें नांव कुरूप वाटतें, परंतु प्रवासाचा पुरावा तेंच देतें. पुष्कळ मस्केटींचें काडतूसघर पुढें बाजारांतील ४१० काडतुसासाठीं खोल केलें गेलें. तो फेरफार होय, फसवणूक नव्हे. विक्रेत्यानें तो लपविला, तर मात्र फसवणूक. आणि ‘ही अमुक दंग्यांत झाडली गेली’ ही कथा कागदावांचून कथाच मानावी.

एवढी चिकित्सा केवळ पैशासाठीं नव्हे. ज्या शिपायाकडून सरकारनें आपलें रक्षण करवून घेतलें, त्याच्यावरच त्याचा किती अविश्वास होता, हें ती गुळगुळीत नळी सांगते. खोटा ठसा मारणारा या साक्षीदाराच्या तोंडीं स्वतःचे शब्द घालतो.